मराठीतच बोल त्याच्याशी

आपल्या ज्यू प्रार्थनांची हिब्रू येत नाही म्हणून देवाशी बोलायचं अडवून बसू नकोस, बाळा. बारा शब्दांपासून सुरुवात कर. सकाळी जाग आली की अंथरुणातच 'मोदे अनी' ही आभाराची छोटी प्रार्थना म्हण. त्यात देवाचं नाव येत नाही, म्हणून हात धुवायच्या आधीही चालतं. शेवटचे शब्द आहेत 'राब्बा एमुनातेखा', म्हणजे तुझा विश्वास थोर. आपला नव्हे, त्याचा. आज पुन्हा जागं केलंय म्हणजे त्याने अजून माझ्यावर भरवसा टाकलाय! आई गेली त्या वर्षी मला एवढ्याच ओळीने तारलं.

मग एकांत. युक्रेनमधल्या ब्रेस्लोवचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नाखमन (१७७२–१८१०) सांगायचे, रोज एकटं बसून देवाशी आपल्या मायबोलीत बोला. आपली मराठी, तर मराठीत. मी गच्चीवर बसते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. पहिले काही दिवस शब्दच फुटत नाहीत. तेव्हा 'मला बोलता येत नाही' एवढंच सांग, तीही प्रार्थनाच.

आनंद मात्र मला शब्बाथने दिला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाने. कोकणात आपले बेने इस्रायली पूर्वज, म्हणजे इथले मराठी ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. तू निदान फोन बंद ठेव. शब्बाथचे दिवे शुक्रवारी सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी लावायचे, नंतर नाही.

येत्या शुक्रवारी लवकर ये, दिवे सोबत लावू. आणि घरात मलिदा, म्हणजे आपला देवाचे आभार मानायचा विधी, असेल तेव्हा पोहे भिजवायला, नारळ खवायला माझ्याशेजारी बस. एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे संदेष्टा एलियाचं, गाणं तुला आपोआप पाठ होईल.