गोळ्या मेथीच्या डब्यात

‘ताई, मला लहानपणापासून फिट येतात. लग्नाला दोन वर्षं झाली. नवऱ्याला ठाऊक आहे, सासूबाईंना नाही. गोळ्या मेथीदाण्यांच्या डब्यात ठेवते, त्या डब्याला त्या हात लावत नाहीत. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळी बदलून लेव्हेटिरासिटॅम दिली. तेव्हापासून फिट नाही, पण सगळ्यांवर खेकसते, मग बाथरूममध्ये नळ सोडून रडते. कधी कधी जगूच नये असं वाटतं. नवरा म्हणतो, फिट थांबल्यात ना, मग आता काय?’
– एक वाचक, भांडुप

अगं, ‘जगूच नये’ हे नवऱ्याला आजच सांग, जसंच्या तसं. रात्री-अपरात्री तसं वाटलं तर एकटी बसू नकोस, १४४१६ लाव. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

चिडचिड आणि उदासी हे या गोळीचे ठाऊक असलेले दुष्परिणाम आहेत. सगळ्यांना होत नाहीत, पण जिला होतात तिचं अख्खं घर हलतं. शिवाय गोळी कुठलीही असो, अपस्मार (म्हणजे हाच फिटचा आजार) असलेल्यांत डिप्रेशन इतरांपेक्षा जास्त आढळतं. तेव्हा स्वतःच्या स्वभावाला बोल लावणं आधी थांबव.

गोळी मात्र मनाने बंद करू नकोस. अचानक सोडली की फिटवर फिट येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टला गाठ. केईएम म्हण, नायर म्हण, ओपीडीत गर्दी ही असणारच. डॉक्टर विचारणार, ‘फिट आली?’ तू म्हणणार ‘नाही’, की पुढचा पेशंट आत. म्हणून चिठ्ठी लिहून ने: गोळी कधी बदलली, रडू कधीपासून, झोप किती, पाळीच्या तारखा (काहींना पाळीच्या आसपास फिट वाढतात). मूल हवं असेल तर तेही बोल, कारण गोळी बदलताना ते बघावं लागतं. व्हॅल्प्रोएट ही फिटवरचीच दुसरी गोळी गरोदरपणात बाळाला बाधू शकते. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं तर घाबरू नकोस, डिप्रेशनची बरीचशी औषधं फिटच्या पेशंटना देता येतात. फिटच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते तेवढं त्यांना सांग.

आता तो डबा. रोज दोनदा चोरासारखं झाकण उघडायचं, यानेच माणूस निम्मा खचतो. पूर्वी मी ठणकावून सांगायचे, घरात सांगूनच टाका. आता तेवढा हट्ट धरत नाही, सासर कसं आहे हे तुलाच माहीत. हिंदू विवाह कायद्यातल्या अटींमधून अपस्मार १९९९ सालीच काढला गेला, पण शेजारपाजाऱ्यांच्या तोंडून तो अजून गेलेला नाही. तरी दिवसभर घरात तुझ्यासोबत सासूबाई असतील, तर त्यांना इतकं तरी ठाऊक हवं: फिट आली की कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. हे कधी आणि कसं सांगायचं ते नवऱ्याशी बोलून ठरव.

आणि ओपीडीत त्याला सोबत ने. ‘मग आता काय’ हे त्यानेच डॉक्टरांना विचारू दे.