नडगीच्या हाडाला अल्ट्रासाऊंड: मशीन भाड्याने घेण्याआधी

वडिलांच्या नडगीत रॉड टाकून सात आठवडे झालेत, एक्स-रेत फट अजून दिसतेय आणि ओळखीतले एक जण 'याने हाड पटकन जुळतं' म्हणून अल्ट्रासाऊंडचं मशीन भाड्याने द्यायला तयार आहेत. घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. बावीस वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्या जोरावर सांगतो: घेऊ नका. अर्थात हे सगळं थोतांड आहे, असंही नाही.

तुम्ही लिहिलंय की मशीनवर १ आणि ३ मेगाहर्ट्झ असे दोन पर्याय आहेत. म्हणजे ते आमच्याच क्लिनिकातलं मशीन, जेल लावून खांद्यावर-गुडघ्यावर फिरवतात ते. त्याची ताकद दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा ते दोन वॅट असते, आणि ती वाढवली की आत ऊब येते. हाडासाठी ज्याचा अभ्यास झाला ते यंत्र वेगळं. दीड मेगाहर्ट्झ, चौरस सेंटिमीटरला फक्त ३० मिलिवॅट (वॅटचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिवॅट), तेही तुटक स्पंदनांनी, रोज २० मिनिटं एकाच जागी ठेवून. आमचं मशीन अगदी मंद ठेवलं तरी त्याच्या सोळा-सतरा पट जोरकस. दोघांना नाव एकच, घोळ तिथेच होतो.

आता पेशींचं. हाड घडवणाऱ्या पेशी, ऑस्टिओब्लास्ट, भोवतालच्या जाळ्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून असतात. बाहेर ताण पडला, हादरा बसला की त्या पकडीतूनच पेशीला कळतं. अल्ट्रासाऊंडची मंद स्पंदनं याच दारावर टकटक करतात. मग पेशीत कॉक्स-२ हे एन्झाइम वाढतं, प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे पेशींना निरोप देणारं रसायन तयार होतं आणि हाड घडवण्याच्या कामाला वेग येतो. ज्या उंदरांत कॉक्स-२ चं जनुकच नव्हतं, त्यांच्यात अल्ट्रासाऊंड देऊनही हाड लवकर जुळलं नाही. हा दुवा किती महत्त्वाचा, ते यावरून दिसतं. (जाता जाता: डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या हेच कॉक्स-२ दाबतात. वडील त्या रोज घेत असतील तर सर्जनना जरूर सांगा. एकीकडे मशीनचं भाडं आणि दुसरीकडे ती गोळी, असे पेशंट मी पाहिलेत.)

प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर परिणाम दिसतो, उंदरांत दिसतो. माणसात? १९९४ मध्ये अमेरिकेतला नडगीच्या ६७ फ्रॅक्चरचा अभ्यास आला. खरं यंत्र लावलेल्यांचं हाड सरासरी ९६ दिवसांत जुळलं, नुसतं दिखाऊ यंत्र लावलेल्यांचं १५४ दिवसांत. त्याच वर्षी तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, यंत्राला मान्यता दिली. नवखा असताना याच आकड्यांवरून मी एका ज्येष्ठ सर्जनशी तावातावाने वाद घातला होता. पण ती सगळी प्लास्टरमधली फ्रॅक्चर होती, रॉडवाली नव्हती.

रॉडवाल्यांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिका-कॅनडातले ५०१ पेशंट, सगळ्यांच्या नडगीत रॉड, म्हणजे अगदी तुमच्या वडिलांसारखे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा पैसाही त्यात होता. तरी एक्स-रेत हाड लवकर जुळलं नाही की पेशंट लवकर कामाला लागले नाहीत. २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी स्पष्टच शिफारस केली, ताज्या फ्रॅक्चरला हे वापरू नका. तेव्हा तो वाद मी हरलो, असं म्हणायला हरकत नाही.

बशीत चालतं ते पायात का चालत नाही? माझा अंदाज असा की रॉडवर थोडं वजन टाकून चालणाऱ्या माणसाच्या पेशींना तो हादरा पावलागणिक मिळतच असतो. मशीन त्यात फारशी भर घालत नसावं.

सात आठवड्यांना फट दिसणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. रॉड टाकलेली नडगी जुळायला चार-सहा महिने लागणं नेहमीचंच. कडेला धुरकट कॅलस, म्हणजे नव्याने तयार होणारं हाड, दिसतोय का, ते सर्जनना विचारा. नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत काहीच प्रगती दिसली नाही, तर त्याला 'नॉनयुनियन', म्हणजे हाड न जुळणं, म्हणतात. तेव्हा ते मंद यंत्र काही सर्जन सुचवतात, पण तिथलाही पुरावा तोकडा आहे. आणि आत जंतुसंसर्ग असेल किंवा फट सेंटिमीटरभर असेल, तर यंत्राची वाट पाहण्यात वेळच जातो.

वडील तंबाखू किंवा सिगारेट घेतात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील तर भाड्याचे पैसे राहू द्या, आधी ते बंद करा. साखर आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. आणि पायावर किती वजन टाकायचं, हे सर्जनकडून नेमकं लिहूनच घ्या. 'जमेल तसं चाला' एवढ्यावर परत येऊ नका. पुढच्या खेपेला एक्स-रेची जुनी फिल्मही बरोबर न्या, नवी-जुनी शेजारी धरल्याशिवाय कॅलस वाढला की नाही ते कळत नाही.