एनसीवर सही झाली, आता गुन्हा नोंदवता येईल का?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातला. बेदाणा शेडवरच्या कामाचे थकलेले पैसे मागायला धाकटा भाऊ गेला, तेव्हा मालकाने सगळ्यांदेखत जातीवरून शिव्या दिल्या आणि खोऱ्याच्या दांड्याने मारलं. भावाचा हात मोडला. ठाण्यात नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली, त्यात जातीचा उल्लेखच नाही. 'गावातलं आहे, मिटवून घ्या,' म्हणाले. आता मालक चोरीची उलटी केस घालीन म्हणतोय.

उत्तर : नक्की येईल. हाड मोडलं म्हणजे जबर दुखापत, दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांना थेट एफआयआर नोंदवावाच लागतो असा. जातीचा मुद्दा क्षणभर सोडला तरी इथे एनसी बसतच नाही. त्यात भाऊ अनुसूचित जाती-जमातीतला आणि मालक त्याबाहेरचा असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागतो. २०१८ मध्ये आलेल्या कलम १८ अ प्रमाणे गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही. 'आधी चौकशी करतो' हे ऐकून घरी परतू नका.

अशी प्रकरणं कोर्टात पडतात ती बहुतेकदा पहिल्या जबाबामुळे, आणि याची मला फार चीड आहे. ठाण्यात 'जातीवाचक शिवीगाळ केली' एवढंच मोघम लिहितात किंवा तेही गाळतात. पुढे आरोपीचा वकील म्हणतो, हे नंतर सुचलेलं आहे. म्हणून भावाने ऐकलेले शब्द जसेच्या तसे, कितीही घाणेरडे असले तरी, कागदावर आले पाहिजेत. जबाब वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत लगेच देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. जाणूनबुजून कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला याच कायद्याच्या कलम ४ खाली ६ महिने ते १ वर्ष कैद होऊ शकते, मात्र त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते.

आजच सविस्तर लेखी फिर्याद तयार करा. एनसी कधी घेतली, जात का आली नाही, तेही लिहा, म्हणजे उशिराचा खुलासा होईल. सोबत एक्स-रे, सिव्हिल हॉस्पिटलचे कागद आणि जातीचा दाखला जोडा. ठाण्यात देऊन पोच घ्या. घेतली नाही तर सांगलीला पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. तिथेही हललं नाही, तर वकिलामार्फत विशेष न्यायालयात जा. गुन्हा नोंदला की तपास डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) किंवा त्यावरच्या दर्जाच्याच अधिकाऱ्याकडे हवा.

उलट्या केसच्या धमकीचाही उल्लेख फिर्यादीत करा. या कायद्यात अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. तरी मालक जामिनासाठी कोर्टात गेला, तर तुमच्या भावाला तिथे म्हणणं मांडायचा हक्क आहे.

या कायद्याखाली पीडिताला मिळणाऱ्या सरकारी अर्थसाहाय्याचा पहिला हप्ताही गुन्हा नोंदल्यावर मिळतो, त्यासाठी समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना भेटा.

पण त्याआधी शेडवरच्या मजुरांना गाठा. शिव्या लोकांसमोर दिल्या हे तेच सांगू शकतील, आणि बाहेरून आलेले मजूर हंगाम संपला की गावी निघून जातात. त्यांची नावं, गावं, मोबाईल नंबर आज संध्याकाळीच लिहून घ्या.