ब्लड कॅन्सरच्या पेशंटला आयसीयूत नेऊन उपयोग होतो का, की नुसतेच हाल?

तुमच्या भावाला ल्युकेमिया आहे, केमोनंतर ताप आणि धाप सुरू झाली, डॉक्टर आयसीयूत हलवू म्हणतात आणि घरातले म्हणतात, 'तिथून कोण परत येतं?' मी आयसीयूत डॉक्टर आहे आणि असे पेशंट वर्षानुवर्षं बघते. हलवा, आणि आजच हलवा.

घरातल्यांची भीती उगाच नाही. पूर्वी असा पेशंट व्हेंटिलेटरवर गेला की फार थोडे वाचायचे, म्हणून कित्येक ठिकाणी त्यांना आयसीयूत घेतच नसत. आता तसं राहिलेलं नाही. पण उशिरा आणलेला पेशंट आजही हातातून निसटतो.

केमोनंतर न्युट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की शरीर जंतूंशी लढूच शकत नाही, आणि लढाईच नाही म्हणून खुणाही दिसत नाहीत. पू होत नाही, एक्स-रेही बरेचदा स्वच्छ दिसतो. एका मुलाच्या सेंट्रल लाइनभोवती (औषधं देण्यासाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी) नखाएवढी लाली होती, बस. "थोडी कणकण वाटतेय" एवढंच तो म्हणाला. दोन तासांत त्याचं बीपी कोसळलं. म्हणून ताप आला की रिपोर्टची वाट न बघता तासाभरात अँटिबायोटिक सुरू करावं लागतं.

प्लेटलेट १०,००० च्या खाली आल्या की रक्तस्राव नसला तरी त्या चढवतो. साधी नळी घालायची तरी आधी प्लेटलेटचा आकडा बघावा लागतो. रक्तात कॅन्सरच्या पेशी खूप वाढलेल्या असतील तर केमोने त्या एकदम फुटतात, पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड चढतं, किडनी बसते. मग डायलिसिस. किडनी बरेचदा परत चालू होते, त्यामुळे डायलिसिसचं नाव ऐकून खचू नका.

आणखी एक गोष्ट, कारण नातेवाईक इथे फार गोंधळतात. रोज सकाळी "काउंट आला का?" म्हणजे पांढऱ्या पेशी वाढल्या का, असं विचारतात, आणि काउंट वाढायला लागतो तेव्हाच कधी कधी धाप वाढते. नव्याने आलेल्या पेशी फुप्फुसातल्या संसर्गावर तुटून पडतात, सूज वाढते. त्या दिवशी धीर सोडू नका, पण डॉक्टरांना लगेच सांगा.

हाल होतील का? होतात, खोटं कशाला सांगू. तोंड सोलवटलेलं असतं, झोप लागत नाही. म्हणून आम्ही घरच्यांशी आधीच ठरवतो: काही दिवस सगळे उपचार पूर्ण ताकदीने करायचे, मग बसून बघायचं की अवयव सावरतायत की एकेक करून साथ सोडतायत. तुमच्या डॉक्टरांना हेच विचारा: "पुन्हा कधी बसून ठरवायचं?" कॅन्सरचे डॉक्टर त्या बैठकीत हवेतच. मूळ आजार आटोक्यात येण्याजोगा आहे का, हे तेच सांगू शकतात.

आणि भाऊ शुद्धीवर आहे तोवर त्यालाही विचारा. व्हेंटिलेटरसाठी घशात नळी घालायची वेळ आली तर त्याला काय हवंय? हे आज विचारायला जड जाईल. पण नळी घातल्यावर त्याला बोलता येणार नाही.