माझ्या एकटीसाठी घरानं किती बदलायचं?

सेलिअ‍ॅक नावाच्या आजारामुळे गहू कायमचा बंद झालेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुधा आहारतज्ज्ञांनी पाठवलेली. 'काय खाऊ' हा प्रश्न तोवर कागदावर तरी सुटलेला असतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, राजगिरा चालतं; गहू, रवा, मैदा, दलिया, शेवया, जव बंद. यादी पर्समध्ये घडी घालून ठेवलेली असते आणि तरीही महिनोन्‌महिने काही जमत नाही. मग थोडा वेळ इकडचं-तिकडचं बोलून झालं की खरा प्रश्न येतो: "मॅडम, माझ्या एकटीसाठी घरानं किती बदलायचं?"

हा प्रश्न बायका विचारतात. याच आजाराचे पुरुष माझ्याकडे क्वचित येतात, त्यांच्या बायका येतात आणि पाककृती विचारतात.

इंदूरच्या एका मराठी घरातली गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, नाव देत नाही, नुसतं ताई म्हणते. वय चाळिशीच्या आसपास. घरात सासूबाई, सियागंजात एका किराणा पेढीवर हिशेब बघणारा नवरा, आठवीतली मुलगी आणि तिच्यापेक्षा लहान मुलगा.

ताईंचं रक्त कित्येक वर्षं कमी होतं. लोहाच्या गोळ्या चालू असायच्या, हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकायचं नाही. तोंड यायचं, पोट बिघडायचं, दुपारी चारला पाय ओढत चालायच्या. बायकांना असतंच, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. अखेर एका डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली. ती वाढलेली निघाली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे काढून तपासले आणि सेलिअ‍ॅक आजार पक्का झाला. डॉक्टर म्हणाले, "गेहूँ बंद, ज़िंदगी भर." त्यांच्या बाजूनं काम झालं.

हा आजार म्हणजे ॲलर्जी नाही. गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उठते, अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. लोहाच्या गोळ्या पोटात जात होत्या, पुढे रक्तात उतरत नव्हत्या, ते यामुळे. आणखी एक सांगून ठेवते, कारण हे फार घरांत घडतं: कुणीतरी सांगितलं म्हणून तपासणीच्या आधीच गहू सोडू नका. गहू सुटला की रक्तातला पुरावाही कमी होत जातो आणि तपासणी खोटा दिलासा देऊन जाते.

ताई माझ्याकडे आल्या तेव्हा गहू बंद होऊन सहाएक महिने झाले होते. रक्त वाढलं नव्हतं, वजन उलट उतरलं होतं. चोरून खात असतील असा आहारतज्ज्ञांना संशय होता. मी त्यांना सकाळी उठल्यापासूनचा दिवस सांगायला लावला, ओट्यावर कुठली वस्तू कुठे असते इथपर्यंत. चोरी नव्हतीच. पहाटे वीस-बावीस पोळ्या त्याच करत होत्या. कणीक त्यांच्या हाताला, लाटताना लावायचं पीठ हवेत, तवा एकच, चाळणी एकच, हात पुसायचं फडकं एकच. पोळीला तूप लावलेला चमचा पुन्हा तुपाच्या भांड्यात, आणि तेच तूप यांच्या वरणभातावर. स्वतःसाठी भाकरी? "सगळ्यांचं झाल्यावर माझ्या एकटीसाठी पुन्हा ओटा कुठे मांडू? भात असतो की." म्हणजे दोन्ही वेळा भात, वरण, आणि घाई असली की एक केळं.

घरात सासूबाईंचं पालुपद होतं, एवढ्याशानं काय होतंय. ते वाक्य त्या दुष्टपणानं म्हणत नव्हत्या. मधुमेहाच्या माणसानं अर्धा पेढा खाल्ला तर चालून जातं, हे त्यांनी पाहिलेलं. तोच हिशेब इथे लावत होत्या. म्हणून मी पुढच्या भेटीला नवऱ्याला आणि सासूबाईंना बोलावलं आणि हिशेबच मांडला. दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बहुतेक रुग्णांना सोसतं असं धरतात. एका मध्यम पोळीत ते दोन-अडीच ग्रॅम असतं. म्हणजे पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला जेमतेम एक. नवरा हिशेबनीस, त्यानं लगेच मान डोलावली. आणि चोरटा भाग असा की तेवढं पोटात गेल्यावर दर वेळी काही जाणवेलच असं नाही. पोट दुखलं नाही म्हणून पचलं, असं इथे धरता येत नाही. आतडं झिजत राहतं, पुढे हाडं ठिसूळ होण्यापर्यंत गोष्ट जाते.

सासूबाई ऐकत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "हे नातीला तर नाही ना? तिच्या लग्नाचं काय?"

भांडण तव्याचं नव्हतंच मुळी. सेलिअ‍ॅक रुग्णाच्या आईवडील-भावंडं-मुलांमध्ये दहातल्या सुमारे एकाला हा आजार निघू शकतो, म्हणून त्यांची तपासणी करतात. डॉक्टरांनी ती सांगितली होती आणि घरानं ती गपचूप बाजूला सारली होती. निघालं तर लोकांना कळेल म्हणून. मी एवढंच विचारलं, की निघालंच तर आठवीत कळलेलं बरं की सुनेसारखं चाळिशीत? या वयात उंची वाढायची असते, पाळी सुरळीत व्हायची असते. दोन्ही मुलांची तपासणी झाली, दोघांचं काही निघालं नाही. पुन्हा कधी करायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. हे प्रकरण इतकंच. पण ते होईपर्यंत सासूबाईंशी दुसरं काही बोलणं शक्य नव्हतं.

नंतर मी पोळ्यांना बाई लावण्याचं सुचवलं. सासूबाई नको म्हणतील अशी माझी तयारी होती. नको म्हणाल्या ताई.

"पोळ्याही मी केल्या नाहीत तर मग मी घरात करते काय?"

हे त्या चिडून म्हणाल्या आणि मग बराच वेळ रडल्या. दोन्ही जावा त्यांच्या पोळ्यांना नावाजतात. देवासचे पाहुणे आले की पुरणपोळी यांनीच करायची. लग्न होऊन आल्या तेव्हा घरातल्या बाकी सगळ्या गोष्टींना नावं ठेवली गेली, पोळ्यांना कधी नाही. गहू गेल्याचं दुःख म्हणजे खायला मिळत नाही याचं, असं आपण गृहीत धरतो. मीही आधी तेच विचारत होते, पोळीची आठवण येते का म्हणून. ताईंना पोळी खायची फारशी आठवण येत नव्हती. करणं सुटेल याची भीती होती. म्हणून तर त्या सहा महिने पीठ उडवत राहिल्या आणि स्वतःची भाकरी टाळत राहिल्या. भाकरी केली असती तर आपण आता वेगळ्या, हे रोज ओट्यावर दिसलं असतं.

अशा वेळी 'तुमची किंमत पोळ्यांवर नाही' वगैरे सांगण्यात अर्थ नसतो. त्यांच्या घरात ती बरीचशी पोळ्यांवरच होती. आम्ही दोन-तीन भेटी त्यावरच बोललो: कोणती कामं आवडीची, कोणती अंगावर पडलेली, कोणत्या कामाला कुणी कधी बरं म्हणालं. शेवटी तोड त्यांनीच काढली. रोजच्या पोळ्यांना बाई येईल. सणाची पुरणपोळी घरी व्हायची ती जाऊबाई करतील आणि ताई स्वयंपाकघराबाहेर बसून सूचना देतील. पुरण मात्र स्वतः शिजवून, वाटून आधीच बाजूला काढतील. बाईचा पगार कुणी द्यायचा यावर नवरा-बायकोत एक आठवडा अबोला झाला. त्यात मी पडले नाही.

भाकरीचा धागा अनपेक्षित निघाला. ताई इंदुरातच वाढलेल्या, माहेरी गव्हाशिवाय काही नाही, भाकरी थापता येत नव्हती. सासूबाईंचं बालपण मात्र देवासजवळच्या खेड्यातलं. सोयाबीन येण्याआधीच्या माळव्यात ज्वारी भरपूर पिकायची आणि त्यांच्या घरी रोज भाकरीच असायची. त्या उठल्या आणि परात घेऊन बसल्या. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लूटेनमुळे, ज्वारीत ते नाही, म्हणून पीठ कडकडीत पाण्यात भिजवायचं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च चिकट होतो आणि भाकरी धरून राहते. सासूबाईंना स्टार्च माहीत नाही, पण 'पाणी उकळलेलं हवं, आणि मळलं की लगेच थाप' हे त्या दहा वेळा सांगतात. ताईंच्या भाकरीच्या कडा अजून फाटतात. सासूबाई ते बोलून दाखवतात. पण घरातलं 'एवढ्याशानं काय होतंय' त्या भाकऱ्यांच्या नादात कमी झालं, हेही खरं.

पिठाचा प्रश्न राहतो. गल्लीतल्या चक्कीवर ज्वारी दळून आणली तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात येतो. घरची घरघंटी गव्हाचीच, ती कितीही पुसली तरी आतून स्वच्छ होत नाही. सध्या पाकिटावर ग्लूटेन-मुक्त लिहिलेलं पीठ आणतात; आपल्याकडच्या नियमानुसार तसं लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. महाग पडतं. सवड झाली की वेगळी घरघंटी घ्यायची असं ठरलं आहे. हिंगाचा शोध नवऱ्यानं लावला: बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. सियागंजात उभं आयुष्य काढून त्याला हे माहीत नव्हतं, याची त्यालाच गंमत वाटली. आता घरात डबीवर घटक वाचून, तांदळाच्या पिठातला हिंग येतो. तुपाची, लोणच्याची, साखरेची वेगळी बरणी, वेगळा तवा, वेगळी चाळणी, आणि लाकडी पोळपाट-लाटणं तर वेगळंच. पोळ्यांची बाई यायच्या आधी ताईंचा स्वयंपाक होऊन झाकलेला असतो.

इंदुरात बाहेरचं खाणं सुटलं तर माणूस निम्मा सुटतो. ताईंचं आणि नवऱ्याचं रविवार सकाळचं पोहे-जलेबी बंद पडलं होतं. तो एकटा जायला लाजायचा आणि त्या 'तुम्ही जा ना' म्हणून घरी रुसायच्या. जलेबी मैद्याची, ती गेली. पोहे तांदळाचे, पण वर पडणारी शेव कचोरीच्या कढईत तळलेली असू शकते, आणि वर भुरभुरवायच्या जीरावन मसाल्यात हिंग असतो. ताईंना दुकानात काही वेगळं मागायची भयंकर लाज. आम्ही ते खोलीत बोलून बघितलं, मी पोहेवाला झाले. "भैया, सेव-जीरावन मत डालना, नींबू-प्याज दे दो, और चम्मच दूसरा." पहिल्यांदा त्यांचा आवाजच फुटेना. आता ओळखीच्या एका दुकानातला पोहेवाला त्यांना बघूनच वेगळी प्लेट भरतो. पोह्याच्या फोडणीत हिंग नाही, हे नवऱ्यानं आधी विचारून घेतलं. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, साबुदाणा खिचडी खातात, तीही तशीच विचारून. गराडू, म्हणजे तळलेला कंद, नाही, कारण कढईचा भरवसा नाही.

उपासाचं सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळं बिनगव्हाचं. एकादशी अन् दुप्पट खाशी, तेही निर्धास्त. फक्त रोज एकादशी करू नका म्हणून आहारतज्ज्ञांनी बजावलं, डाळी, भाज्या आणि दूध हवंच. सत्यनारायणाचा प्रसाद जास्त अवघड गेला. रव्याचा शिरा हातावर पडला की नाही म्हणायचं कसं? सासूबाईंनी गुरुजींना फोन करून विचारलं, ताईंच्या घरच्या पूजेत आता केळं घातलेला तांदळाच्या रव्याचा शिरा होतो. दुसऱ्यांच्या घरी ताई प्रसाद डोक्याला लावून मुलाला देतात.

मधे एकदा त्या फार खचल्या होत्या, सगळं करूनही अंगात त्राण नाही म्हणत होत्या. मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. या आजाराच्या लोकांत थायरॉइडचा त्रास अधिक दिसतो, लोह, बी-12 आणि ड जीवनसत्त्व कमी असतं, आणि त्या थकव्यावर बोलून इलाज होत नाही. त्यांचं ड जीवनसत्त्व खरोखरच तळाला गेलेलं निघालं.

परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन दहाच्या पुढे गेलं. टीटीजी निम्म्याहून खाली आलं आहे, पण अजून सामान्य नाही. ते उतरायला वर्ष-दोन वर्षंही लागतात असं डॉक्टर म्हणाले, तरी कुठून काही जातंय का ते पाहा म्हणाले. घरात सगळ्यांचा संशय मुलाच्या डब्यावर आहे. त्याच्या डब्यात पराठा असतो, शाळेतून आलेला डबा ताई धुतात, आणि उरलेला तुकडा टाकवत नाही म्हणून गाईसाठी हातानं काढून ठेवतात. डबा यापुढे मुलानं स्वतः धुवावा असं ठरलंय. त्याला ते अजून मान्य नाही, पुढच्या भेटीला त्यालाही घेऊन या म्हटलंय.