आधी शब्द, मग आल्टो

खानापुरात भजनाला पेटी वाजवतोस म्हणजे कान तयार आहे. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) अडखळत वाचतोस म्हणून थांबू नको. टिपणासाठी मॉर्टन लॉरिडसन या अमेरिकन संगीतकाराचं 'ओ माग्नुम मिस्टेरियुम' (1994) हे चार आवाजांतलं समूहगान निवडलंस, ते बरं केलंस.

आधी लॅटिन शब्दांचा अर्थ काढ: गव्हाणीतल्या नवजात प्रभूला गुरं बघताहेत. मग चारदा ऐक, दर वेळी एकच आवाज धरून. नवखे फक्त सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत वरचा आवाज, ऐकतात; खरी गंमत त्याखालच्या आल्टोत आहे. पेटीवर पांढरी दोनचा सा धर. सगळी रचना त्याच सा वरच्या मेजरच्या, म्हणजे बिलावल थाटाच्या, सुरांत चालते आणि 'व्हिर्गो', म्हणजे कुमारी मरिया, या शब्दावर आल्टो काळी चार लावतात. तीव्र मध्यम की रे! अख्ख्या रचनेत बाहेरचा सूर तेवढाच. तो तिथेच का, यावर तुझं अर्धं टिपण होईल.

नेहमीच्या चुका दोन:
- नुसतं 'दिव्य वाटतं' लिहिणं. कुठल्या शब्दावर, कुठल्या आवाजात, ते सांग.
- त्यात राग शोधणं. इथे सुरांवर सूर रचलेत, एकट्या चालीत अर्थ सापडायचा नाही.

कॉर्डची (एकत्र लागणाऱ्या सुरांच्या गटांची) नावं सध्या राहू देत. नाताळात बेळगावात कुठल्या चर्चचा क्वायर चार आवाजांत गात असेल, तर आल्टोंच्या जवळ बस.