‘उकिर्डा’ हे नाव आणि उत्तमरावांचा घाट

एका वाचकांनी विचारले आहे की, कुलवृत्तान्त छापायला घेतला तेव्हा खापरपणजोबांचे नाव ‘उकिर्डा’ असल्याचे निघाले आणि आता भाऊबंद ते ‘उत्तमराव’ करा म्हणून मागे लागले आहेत; तर हे नाव कोणी हिणवण्यासाठी ठेवले असेल का, आणि असली नावे आपल्याकडेच आहेत की इतरत्रही?

हिणवण्यासाठी मुळीच नाही. दगडू आणि धोंडू यांचा अर्थ सांगत बसत नाही, तो सर्वांना ठाऊक आहे. मात्र उकिर्डा, केरू, भिकाजी ही नावे ‘नकोशी’च्या पंक्तीला बसवून ‘जुन्या लोकांचा अडाणीपणा’ असा एकच शेरा मारण्याची जी पद्धत पडली आहे, तिचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. सातारा जिल्ह्यात 2011 साली 285 मुलींची ‘नकोशी’, ‘नकुसा’ ही नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली, ते योग्यच झाले, कारण त्या नावात आईबापांना जे म्हणायचे होते तेच उघड म्हटलेले होते. तुर्की लोक मुलीचे नाव ‘येतेर’, म्हणजे ‘पुरे’, असे ठेवत, तेही याच जातीचे. उकिर्डा या नावाचा रोख याच्या नेमका उलट आहे. हे मूल इतके हवे असते, की ते आपले आहे हे मोठ्याने म्हणायचीही आईबापांना भीती वाटते.

आता शब्दाकडे येतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. उकिरडा हा शब्द संस्कृत ‘उत्कर’पासून निघाला. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे, उधळणे. विकीर्ण आणि प्रकीर्ण त्याच धातूचे. यज्ञभूमीवर वेदीच्या उत्तरेला, झाडलोटीची आणि खणलेली माती टाकण्याची जी ठरलेली जागा असे, तिचे नाव उत्कर. प्राकृतात त्याचे ‘उक्कुरुड’ झाले, गुजरातीत ‘उकरडो’ आणि मराठीत उकिरडा. ज्या शब्दाला भाऊबंद नाक मुरडत आहेत, तो असा थेट यज्ञमंडपातून चालत आलेला आहे.

लागोपाठ मुले दगावली की पुढच्या मुलाचे काय करीत, ते माझ्या आजीने मला सांगितले होते. तान्ह्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचे आणि आईने मागे न पाहता घरी यायचे. शेजारीण ते मूल ‘सापडले’ म्हणून उचलून आणी, आणि आई पसाभर जोंधळे देऊन तिच्याकडून ते विकत घेई. ‘दृष्ट लागू नये म्हणून वाईट नाव’ एवढे सांगून नावांचे अभ्यासक थांबतात, ते मला अपुरे वाटते. माझ्या मते हे नाव म्हणजे खरेदीखत आहे. ज्या बाईची मुले मृत्यू नेतो तिचे हे मूल नव्हेच, हे घेतलेले आहे, असा तो लेखी पुरावा. भिकाजी भिकेत मिळालेला. बंगालात तिनकडी आणि पाचकडी ही नावे आहेत, म्हणजे तीन किंवा पाच कवड्यांना घेतलेला. खुदिराम बोस यांच्या आधीचे दोन भाऊ गेलेले होते, म्हणून थोरल्या बहिणीने त्यांना तीन मुठी खुद, म्हणजे तांदळाच्या कण्या, देऊन विकत घेतले आणि तेच त्यांचे नाव झाले.

रोमन अमलातल्या इजिप्तमधील ग्रीक कागदपत्रांत ‘कोप्रेउस’ हे नाव वारंवार येते. ‘कोप्रोस’ म्हणजे शेण, उकिरडा. तिथे टाकलेली मुले लोक उचलून नेत, हे खरे; उकिरड्यावरचे मूल दत्तक घेणाऱ्या इजिप्ती माणसाच्या मरणानंतर त्याच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा सरकारजमा करण्याचा नियमही होता. तेवढ्यावरून कोप्रेउस नावाचा प्रत्येक माणूस टाकलेले मूल असणार, असे काही युरोपीय पंडितांनी ठरवून टाकले. पण त्याच कागदांत अशा माणसांपुढे बापाचे नाव लावलेले सापडते, त्याचे काय? या पंडितांना वऱ्हाडातला एखादा उकंडराव भेटायला हवा होता. आईबाप धडधाकट, घरदार शाबूत आणि नाव मात्र उकिरड्याचे, ही गोष्ट त्याने त्यांना पाच मिनिटांत समजावून दिली असती.

इतरत्रची उदाहरणे हवी तेवढी देता येतील. मंगोल लोकांत ‘नेरग्वी’ म्हणजे ‘नाव नसलेला’ आणि ‘एनेबिश’ म्हणजे ‘हा नव्हे’. मृत्यू दारात येऊन विचारू लागला तर द्यायचे उत्तरच मुलाला चिकटवून ठेवलेले. तुर्कांत ‘दुर्सुन’, म्हणजे ‘राहू दे’. मला सर्वांत आवडते ते नायजेरियातल्या योरुबा लोकांचे ‘कोसोको’, म्हणजे ‘कुदळ नाही’. थडगे खणायला आता आमच्याकडे कुदळच उरलेली नाही, तेव्हा बाळा, तू जाऊ नकोस. या नावाचा एक राजा 1845 ते 1851 या काळात लागोसच्या गादीवर होता, आणि त्याला कोणी उत्तमराव केले नाही.

तेव्हा कुलवृत्तान्तात ‘उकिर्डा’ असेच छापावे, आणि त्यांच्या आधी किती भावंडे गेली हे घरातल्या कोणा वृद्धांना आठवत असेल, तर तो आकडाही शेजारी घालावा.